छताचे खण: षटकोन की अष्टकोन?

रेनेसाँ काळातल्या इटलीत छताला खोलगट खण पाडायचे, तर कुठला आकार घ्यावा? आखायला षटकोन सोपा. वर्तुळ काढा, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर सहा खुणा करा, झालं. 120 अंशांचे तीन कोपरे भेटले की 360. फट उरतच नाही. मला मात्र तो मधाच्या पोळ्यासारखा एकसुरी वाटतो.

अष्टकोनाला आधी चौरस लागतो. प्रत्येक कोपऱ्यावर कंपास टेकवून अर्ध्या कर्णाच्या त्रिज्येनं बाजू छेदायच्या, की आठही बिंदू हाती. 135 चे दोन कोन म्हणजे 270. उरलेल्या 90 अंशांत चौरस चपखल बसतो. फूल कोरायला आयती जागा! रोममधल्या मॅक्सेंटियस या प्राचीन सम्राटाच्या बॅसिलिकेत, म्हणजे भव्य सार्वजनिक सभागृहात, असे अष्टकोनी खण आजही दिसतात. रोममध्ये काम करणाऱ्या रेनेसाँ काळातल्या वास्तुकारांच्या तर ते रोजच्या नजरेतले.