फोंड्यातील एका रक्ततपासणी केंद्राचा अनुभव
वडिलांच्या पायाचा अंगठा गाऊट या सांध्यांच्या आजाराने सुजला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) तपासणी आम्ही फोंडा बाजारातील एका छोट्या केंद्रात करून घेतली. रक्त घेणाऱ्या मुलीचा हात हलका होता. दरही वाजवी वाटला.

अहवालात पांढऱ्या रक्तपेशींपैकी न्यूट्रोफिल या प्रकारच्या पेशी ८२ टक्के आल्या. प्रौढांत हे प्रमाण साधारण ४० ते ७० टक्के असते, त्यामुळे आम्ही घाबरलो. तेथील तंत्रज्ञांनी मात्र आधी 'स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का?' असे विचारले. होत्या. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेल्या न्यूट्रोफिल पेशी या औषधाने सुटून प्रवाहात येतात आणि जंतुसंसर्ग नसतानाही आकडा चढतो, हे त्यांनी समजावले. अस्थिमज्जा रोज सुमारे शंभर अब्ज अशा पेशी घडवते. जखमेपाशी जंतूंना गिळायला त्याच सर्वांत आधी धावतात. पण गाऊटमध्ये त्या सांध्यातील युरेट या क्षाराचे स्फटिक गिळू पाहतात, आणि त्या झटापटीत त्यांच्याकडून बाहेर पडणारी रसायने सूज व वेदना वाढवतात. रक्षण करणारी पेशीच दुखणे वाढवते, हे वडिलांना फार लागले.

छापील अहवालात केवळ टक्केवारी होती. न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या मागावी लागली. ती दर मायक्रोलिटर रक्तात १,५०० पेक्षा कमी असल्यास संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ती प्रत्येक अहवालावर असायलाच हवी. अहवालही सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा मिळाला. तरीही पुढची तपासणी आम्ही येथेच करणार आहोत.