रागाची वही : पावसाळ्याच्या तोंडापासून ईदपर्यंतचा वापर

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. साधी लाँग बुक, मुंब्र्यातल्या कौशाच्या स्टेशनरीच्या दुकानातून घेतलेली. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले चार उभे रकाने: काय घडलं, त्या क्षणी मन काय म्हणालं, काय वाटलं (दहापैकी किती), आणि मनाच्या त्या म्हणण्याला उत्तर. खाली एक आडवी ओळ रिकामी. रकाने मूळ अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीतले. १९५५ च्या सुमारास त्यानं विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा इतकाच की घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो. हे मला ठाण्याच्या एका समुपदेशक बाईंनी शिकवलं. खालची ओळ मात्र घरचीच, मुहासब्याची, म्हणजे आत्मपरीक्षणाची. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर दिवसाचा हिशोब स्वतःकडून घ्यायचा, हे अब्बा आम्हाला लहानपणापासून सांगायचे.

गरज का पडली? मी कौशात एका सात मजली सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पगार नाही, शिव्या भरपूर. पाणी, लिफ्ट, पार्किंग, गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या, आणि या सगळ्यावर चोवीस तास जागा असलेला व्हॉट्सॲप ग्रुप. ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली तेव्हा बायकोनं ठाण्याची वेळ घेऊन टाकली, मला विचारलंही नाही.

एक नोंद जशीच्या तशी देतो. पहिला रकाना: टँकर उशिरा आला, एकानं ग्रुपवर टाकलं, ‘सेक्रेटरी साहेब अजून झोपेत.’ दुसरा: ‘मी फुकट राबतो, लोकांनी माझा मान ठेवलाच पाहिजे.’ तिसरा: राग, नऊ. चौथा भरायला अर्धा तास गेला. ठेवला तर चांगलंच, पण ठेवलाच पाहिजे हा कायदा कुठल्या उपविधीत आहे? मान न मिळाल्यानं टाकी भरायची राहिली का? लिहून झाल्यावर राग पाचावर आला. उरलेले पाच राहू दिले, कारण एलिसला राग शून्यावर आणायचाच नाही. पाचाच्या रागात नोटीस नीट लिहिली जाते. नऊच्या रागात व्हॉइस मेसेज जातो, आणि तो मग फॉरवर्ड होत कळव्यापर्यंत पोचतो.

वहीची अडचण अशी की ती रात्रीची आहे. मीटिंगमध्ये माणूस टेबलावर हात आपटतो तेव्हा रकाने कोण आखणार? तिथे कामाला आली ती हदीस, म्हणजे पैगंबरांची शिकवण. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात पैगंबरांचे साथीदार अबू जर यांच्याकडून आलीय: राग आला आणि उभे असाल तर बसा, तरी गेला नाही तर आडवे व्हा. मीटिंगमध्ये आडवं होता येत नाही, पण खुर्ची ओढून बसणं आता सवयीचं झालंय. राग आल्यावर वुजू करण्याबद्दलचीही, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुतात तसं धुण्याबद्दलचीही एक हदीस त्याच संग्रहात आहे. तिची सनद, म्हणजे ती सांगणाऱ्यांची साखळी, काही हदीसतज्ज्ञ कमकुवत मानतात, तरी मी करतो. पंपरूमजवळच्या नळापर्यंत जाऊन यायला जो वेळ लागतो त्यात निम्मं काम होतं, आणि ओल्या हातानं मोबाईलवर टाइप करता येत नाही. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये भावना आवरण्याच्या पाच जागा सांगितल्या: प्रसंगात शिरण्याआधीच, प्रसंग बदलून, लक्ष वळवून, अर्थ बदलून, आणि शेवटी प्रतिक्रिया आवरून. माझी वही चौथ्या जागेवर बसते. पंपरूमची फेरी त्याच्या आधीच्या जागांवर काम करते, म्हणून ती स्वस्त पडते.

‘एकदा भडास काढून टाक, मोकळा होशील’ हा सल्ला मला कमिटीतल्या प्रत्येकानं दिला. ब्रॅड बुशमन यांचा २००२ चा प्रयोग त्यांना आता मी ऐकवतो. ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक नुसते शांत बसलेल्यांपेक्षा जास्त रागात निघाले. कमिटीला पटलेलं नाही.

आता खटकणारं. वहीत धर्म मलमपट्टीसारखा वापरणं फार सोपं जातं. सुरुवातीच्या पानांवर चौथ्या रकान्यात मी कुराणातली आयत उतरवून मोकळा व्हायचो. आले इमरान या सूरेतली १३४ वी: राग गिळणारे. आकडा जागचा हलायचा नाही, कारण दुसऱ्या रकान्यातल्या वाक्याला त्यात उत्तरच नव्हतं. शिवाय आयत गिळण्यावर थांबत नाही. पुढे लोकांना माफ करणं आहे, त्यानंतर भलाई करणाऱ्यांवरचं अल्लाहचं प्रेम आहे. नुसतं तोंड मिटून बसलेल्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, पण आत शरीराचा ताण चालूच राहतो, हे ग्रॉस यांच्या प्रयोगांतही दिसलंय. तेव्हा गिळलेल्याचं पुढे काय केलं, हे मी खालच्या ओळीत लिहायला लागलो. ‘माफ केलं’, ‘अजून नाही’, ‘बोलून टाकलं’. बहुतेक वेळा ‘अजून नाही’ असतं.

दिवाळीनंतर अब्बांचं इंतकाल झालं. वहीनं सगळ्यात मोठं काम तेव्हा केलं, आणि सगळ्यात मोठी मर्यादाही तेव्हाच दाखवली. घरी येणारा जो तो सांगायचा, सब्र कर, पुरुषानं इतकं रडू नये. काही आठवड्यांनी पानं चाळताना दिसलं की तिसऱ्या रकान्यात दुःख एकटं नाही, बरोबर लाजही आहे. दुसऱ्या रकान्यात वाक्य होतं: ‘इतका रडतोय म्हणजे माझं ईमानच कच्चं.’ बाईंनी बोट ठेवलं ते इथेच. मूळ भावना वेगळी, आणि ती आली म्हणून स्वतःला झोडपणं वेगळं. या दुसऱ्या थराकडे एलिसनं मुद्दाम लक्ष वेधलं होतं, आणि तो थर असेल तर बहुधा आधी तोच सोडवावा लागतो.

त्याचं उत्तर मात्र बाईंकडे नव्हतं, आमच्याकडे होतं. आपला लहानगा इब्राहीम गेला तेव्हा रसूल, म्हणजे पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बुखारी या हदीससंग्रहात त्यांचं म्हणणं आहे: डोळे रडतात, दिल दुखी होतं, आणि जिभेवर मात्र आमच्या रबला आवडेल तेच येतं. मुलगा यूसुफ हरवला तेव्हा पैगंबर याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे दुःखानं पांढरे झाले, हे कुराणातल्या सूरे यूसुफमध्येच आहे. ‘सब्रे जमील’, म्हणजे सुंदर संयम, म्हणणारेही तेच, आणि माझं दुःख मी अल्लाहपाशी मांडतो म्हणणारेही तेच. मनात नुसतं येऊन गेलेलं, बोलण्यात किंवा कृतीत न उतरलेलं माफ आहे, अशीही सही, म्हणजे खात्रीची, हदीस आहे. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण ‘ईमान कच्चं’ या वाक्याच्या समोर, त्याच ओळीत, कधी लिहिलं नव्हतं. लाज आठवरून दोनावर आली. दुःख होतं तिथेच राहिलं, आणि त्याच्यापुढचा चौथा रकाना मी कोरा सोडला. ‘अब्बा नाहीत’ याचं खंडन कशानं करणार? त्या दुःखाला आता गुणही देत नाही.

दहाव्या शतकात वारलेले अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकत्र लिहिलं होतं. कारण ठाऊक असलेलं दुःख आणि कारण न दिसणारं, शरीरातून उद्भवणारं दुःख, असे दोन प्रकार त्यांनी केले. औषधं आधीच घरात ठेवतात तसे बरे विचार शांत वेळी जमवून ठेवा, असंही ते सांगतात. ही युक्ती मी थेट उचलली. वहीची मागची पानं जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या दुपारी अशा विचारांनी भरतो. रमजानात अस्रच्या, म्हणजे दुपार टळतानाच्या नमाजच्या सुमाराला, चहाविना डोकं ठणकत असताना, तिथलं एकच वाक्य पुरलं: ‘मी रोजेदार आहे.’ कुणी भांडायला आलं तर हेच म्हणा, असं हदीसमध्येच सांगितलंय.

काळजीसाठी वही मध्यम आहे. मुलाची दहावी, पाणीकपात, असल्या गोष्टींत ‘आधी उंट बांध, मग भरवसा ठेव’ या हिशोबानं हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं करून लिहितो. रात्री दोनला जाग येते ती येतेच.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेलीय, कशातच रस नाही, जगणं नको वाटतंय, तर वहीच्या नादी लागू नका, डॉक्टर गाठा. अल्लाहनं इलाज नसलेला आजार उतरवला नाही, ही हदीस मनाच्या आजारांना वगळून नाही. घरातले नजर लागली म्हणतील. दम, म्हणजे दुआ वाचून फुंकर, करून घ्या, आणि गोळीही घ्या. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात. मुंब्र्याहून ठाणं दोन स्टेशनं, आणि तिथे आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करतेय.

खर्च वहीचा आणि पेनाचा. स्पायरल घेऊ नका, पानं सुटतात. वन-बीएचकेमध्ये वही लपवायला जागा नसते, म्हणून नावांऐवजी फ्लॅट नंबर लिहायचो. त्याचा काही उपयोग नाही, घरातल्या सगळ्यांना ते पाठ असतात.