मीटरवर ५४ हजार, गाडी पळालेली सव्वा लाखाच्या वर

बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी खानापूरहून बेळगावला न्यावं लागतं. बसने ते जमेना, म्हणून २०२३च्या मे महिन्यात एजंटाकडून जुनी गाडी घेतली. एमएच ०९ पासिंग, २०१६चं मॉडेल, डिझेल. मीटरवर ५४,३०० किलोमीटर. तीन लाख पंच्याऐंशी हजारांना व्यवहार ठरला. आपल्या सीमाभागात कोल्हापूर पासिंगच्या गाड्या सारख्या विकायला येतात आणि घेणारे बरेच जण माझ्यासारखेच अडचणीत, घाईत असतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

"मास्तरांची गाडी हाय दादा, सिंगल हँड. शाळा आणि घर, एवढंच रनिंग," एजंट म्हणाला. सात वर्षांत ५४ हजार, म्हणजे वर्षाला आठ हजारसुद्धा नाहीत. एवढं कमी फिरणारा माणूस डिझेल गाडी कशाला घेईल, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर कोरे करकरीत, स्टिअरिंगला नवं कव्हर. ते बघून मी खूश झालो. पण ५४ हजारांत पेडलचं रबर बदलायची वेळ सहसा येत नाही. घासून गुळगुळीत झालेलं दिसू नये म्हणून ते बदललं होतं.

दोन महिन्यांनी देसूरच्या पुढे क्लच घसरायला लागला. बाबा मागे बसलेले, हॉस्पिटलची वेळ झालेली. कशीबशी बेळगावला पोचवली. टिळकवाडीतल्या मिस्त्रींनी गाडी खालून-वरून बघितली आणि ड्रायव्हरचा दरवाजा उघडून मला जवळ बोलावलं. दरवाजाच्या खांबावर ऑइल बदलल्याचं स्टिकर खरवडून काढलेलं होतं. "पुढील ऑइल" एवढी अक्षरं आणि त्यापुढे आकड्यातले पहिले दोनच अंक, १ आणि ४, उरले होते. मिस्त्री म्हणाले, "दादा, मीटर मागं घेतलंय हिचं."

दुसऱ्या दिवशी आरसी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. चेसिस नंबर टाकल्यावर जुनी नोंद निघाली: ऑगस्ट २०२१, १,३१,८७० किलोमीटर. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

डिजिटल मीटर असला की फिरवता येत नाही, असा माझाही समज होता. तो आकडा मीटरमधल्या एका चिपमध्ये साठवलेला असतो. मीटर खोलून किंवा स्टिअरिंगखालच्या पोर्टला यंत्र जोडून तो बदलतात. पण काही गाड्यांत इंजिनाच्या किंवा एबीएसच्या, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेच्या, कंट्रोल युनिटमध्ये वेगळी नोंद राहते. चांगल्या स्कॅनरने तो फरक कधीकधी सापडतो. मीटर खरंच बिघडून बदललेला असेल तर त्याचं बिल आणि जुनं रीडिंग मालकाकडे असायला हवं.

दुसऱ्या राज्यातली गाडी घेताना आपलं सगळं लक्ष एनओसी, कर्नाटकचा टॅक्स आणि आरटीओच्या फेऱ्यांत जातं. यातल्या आरसीवर किंवा एनओसीवर किलोमीटरचा रकानाच नसतो. म्हणून विसार देण्याआधी एजंटाला नाही, मूळ मालकाला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि पहिल्या दिवसापासूनची हिस्टरी काढा. सर्व्हिस बाहेर केली असेल तर जुनी बिलं मागा. मालक भेटत नाही म्हणाले तर ती गाडी सोडा. विक्रीच्या कागदावर मीटरचा आकडा लिहून सही घ्या.

मी ते केलं नाही. एजंट म्हणतो, "घेताना बघूनच घेतलासा की." पावतीवर किलोमीटर नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली. पुरावा म्हणून सर्व्हिसची नोंद जोडलीय, आणि बायकोने गाडीच्या पूजेच्या दिवशी काढलेला फोटोही. त्यात स्टिअरिंगवर झेंडूचा हार आहे आणि त्याच्या मागे ५४,३१२ हा आकडा स्वच्छ दिसतो. निकाल अजून यायचाय.

मीटर परत खऱ्या आकड्यावर आणून द्याल का, असं सर्व्हिस सेंटरला विचारलं. आम्ही त्याला हात लावत नाही, म्हणाले. मग त्या नोंदीची झेरॉक्स गाडीच्या कप्प्यात ठेवलीय आणि तिच्यावर पेनाने लिहिलंय: मीटरच्या आकड्यात किमान ७७,५७० किलोमीटर जादा धरावेत.