डोम कुठे घ्यावा: धरणाच्या काठी, रानात की नदीवर?

डोममध्ये, म्हणजे घुमटाच्या आकाराच्या कापडी तंबूत, राहायचं ठरलं की बहुतेक जण डोमच्याच चौकशा करत बसतात. व्यास किती, पलंग किती, एसी आहे का. त्यात फार काही अडत नाही. सांगाडा, त्यावरचं पीव्हीसीचं कापड आणि समोरचा पारदर्शक भाग सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच असतो. रात्र कशी जाणार हे ठरतं डोम कुठे उभा आहे यावर. मुंबई-पुण्याकडून जाणाऱ्यांपुढे साधारण तीन पर्याय येतात: मावळातल्या पवना धरणाचा काठ, भंडारदऱ्याच्या बाजूचं रान, आणि कोलाडला कुंडलिका नदी. तिन्हीकडे राहून मी माझ्यापुरती निवड केली आहे. ती तुमचीही असावी असा आग्रह नाही, पण ती का केली ते सांगतो.

आधी पवना, कारण सर्वात जास्त लोक तिथेच जातात आणि त्याला कारण आहे. डोमचा तो पारदर्शक भाग खरा कामी येतो तो इथे. समोर पाणी, पलीकडे तुंग, एका अंगाला तिकोना, पाठीशी लोहगड-विसापूर. थंडीत सूर्य मावळताना पाण्यावर जो रंग उतरतो तो पलंगावर बसून बघायला मिळतो, आणि हे सुख बाकी दोन्ही ठिकाणी या तोडीचं मिळत नाही हे मोकळेपणाने मान्य करतो. पुण्याहून अंतर कमी, रस्ता ओळखीचा, संध्याकाळी चहा-भजी, मग बार्बेक्यू, सकाळी पोहे, सगळं ठरलेलं. आई-वडिलांना घेऊन जायचं असेल तर ही सोय मोठी आहे.

पण एक लक्षात ठेवा: हा तलाव म्हणजे धरणाचा फुगवटा. पावसाळा संपताना पाणी काठोकाठ असतं आणि जाहिरातीतले फोटो त्या दिवसांतले असतात. एप्रिल-मेमध्ये तेच पाणी पार मागे सरकतं आणि डोमसमोर भेगाळलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. ज्याला मे महिन्याच्या सुट्टीतच जमणार आहे त्याने फोटो कोणत्या महिन्यातला आहे हे आवर्जून विचारावं, किंवा सरळ अलीकडचा मागवून घ्यावा.

तरीही पाणी मागे जाण्याने माझा निर्णय झाला नाही. तो झाला आवाजाने. आम्ही ज्या कॅम्पवर होतो तिथे सगळं शांत होतं, माणसं भली होती, जेवण आटोपून लोक आपापल्या डोममध्ये गेले होते. समोरच्या काठावरच्या कुठल्याशा कॅम्पवर मात्र स्पीकर सुरू होता. दिवसा इतक्या अंतरावरून काही ऐकूही आलं नसतं. रात्री गाण्याचे शब्द कळत होते, आणि शब्द थांबले तरी खालचा ठेका थांबत नव्हता.

याला कारण आहे आणि ते जागेतच आहे. रात्री पाण्यालगतची हवा गार असते आणि तिच्या वरचा थर थोडा उबदार. अशा हवेत आवाज वर निघून न जाता वाकून पुन्हा खाली येतो. मधे अडवायला झाड नाही, घर नाही, आहे तो सपाट पाण्याचा पृष्ठभाग, आणि त्यावरून तो घसरत दूरवर पोचतो. पुढे डोम. आवाज अडतो तो भिंतीच्या वजनाने. मातीची, विटांची, दगडाची भिंत ठेका अडवते. डोमची भिंत म्हणजे ताणलेलं कापड. ते वारा अडवतं, पाऊस अडवतं, पण ढोलाच्या ठेक्यापुढे त्याचा काही इलाज चालत नाही. आतून कापडी अस्तर असलं तर वरचे सूर थोडे बोथट होतात, ठेका तसाच राहतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही हा नियम २००० सालापासून देशभर आहे. पण तुमच्या कॅम्पने तो पाळला तरी पलीकडच्या काठाची हमी तुम्हाला कोण देणार? बुकिंग करताना तुम्ही एका मालकाशी बोलता, झोप मात्र सगळ्या तलावाच्या हवाली असते. मला तेच पटलं नाही. कदाचित आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर हे काहीच जाणवणार नाही. शनिवारी गेलात तर मात्र जाणवेल असं मला वाटतं.

आवाजाचाच विषय निघाला आहे तर आतलंही सांगतो, कारण ते तिन्ही ठिकाणी लागू आहे. शाळेच्या सहलीत विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांना घुमट आवाजाचं काय करतो ते माहीत आहे. डोम लहान असला तरी जातकुळी तीच. मधोमध उभं राहून बोललं की स्वतःचा आवाज स्वतःच्या कानाशी परत येतो, आणि कडेच्या गादीवरच्या माणसाचं घोरणं समोरच्या कडेला उशाशी ऐकू येतं. गालिचा, जाड पडदे, सोफा असं सामान असेल तर हे बरंच कमी होतं. मोकळा, टाइल लावलेला डोम टाळावा.

आता रान. भंडारदऱ्याच्या बाजूला, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या आसपास मालकी जमिनींवर मुक्कामाची ठिकाणं आहेत. रानातल्या डोमचा मोठा गुण म्हणजे सावली. उघड्यावरचा डोम सकाळी नऊनंतर तापायला लागतो. पारदर्शक भागातून ऊन आत येतं आणि गोल छताखाली अडकून राहतं. झाडाखालचा डोम दुपारीही राहण्याजोगा असतो. हे मी हाताला लागलेल्या उकाड्यावरून सांगतोय, तापमापक घेऊन गेलो नव्हतो, पण फरक मोजायची गरज पडू नये इतका आहे.

तिथे जायचे खरे दिवस म्हणजे मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, काजव्यांचे. हिरडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात. आणि इथेच डोमची एक अडचण आहे जिच्याबद्दल मला मनापासून वाटतं. आत दिवा लावला की पांढरा डोम आकाशकंदिलासारखा उजळतो आणि आजूबाजूचं रान उजेडात येतं. काजव्यांचे नर मादीला उजेडाच्या खुणेनेच बोलावतात. बाहेरचा उजेड आला की ती खूण हरवते. ज्यासाठी आलो त्यालाच आपल्या दिव्याने अडथळा करायचा हे बरोबर नाही. काजव्यांच्या दिवसांत वनखात्याची बंधनं असतात आणि ती असायलाच हवीत. म्हणून रानात जायचं तर जाड पडदे पूर्ण ओढता येतात का हे पाहा, आणि संध्याकाळनंतर मोठा दिवा लावूच नका. मला विचाराल तर काजव्यांसाठी डोमपेक्षा गावातल्या कौलारू घरातला मुक्काम अधिक चांगला.

रानातली शांतता फार खोल असते, आणि त्याच कारणाने तिच्यात लहान आवाजही मोठा होतो. शेजारच्या डोमचा एसी रात्रभर घरघरतो तो ऐकू येत राहतो. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला की संपलंच. झाडाखाली असल्याने पारदर्शक भागावर पानांचा चिकटा, धूळ, पावसाळ्यानंतर शेवाळ. ते वेळेवर पुसणारा मालक मिळाला तर भाग्य.

कुंडलिकेचं वेगळं आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या बहुतेक नद्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत दगडांत विरून जातात. कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, कारण तिच्यात मुळशीचं पाणी येतं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मावळ्यांना बरोबर घेऊन सत्याग्रह केला, तेच हे धरण. त्याचं पाणी घाटमाथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, १९२७ पासून येतंय, आणि तिथून कुंडलिकेत. कोलाडचं राफ्टिंग याच सोडलेल्या पाण्यावर चालतं. नदीकाठी बसून हे आठवलं की समोरच्या पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. त्याची किंमत वर घाटावर गावं बुडून चुकती झालेली आहे.

आता माझा मुद्दा. नदी खळाळत असेल तर ती रात्रभर एकसारखा आवाज करते, आणि तो आवाज बाकीच्यांवर पांघरूण घालतो. शेजारचा एसी, पलीकडच्या लोकांच्या गप्पा, लांबचा महामार्ग, सगळं त्यात मुरून जातं. कापडाची भिंत जो आवाज अडवू शकत नाही त्याचा बंदोबस्त नदी करते. पवनेच्या काठी ज्या कारणाने मी जागा राहिलो त्याच कारणाने कोलाडला गाढ झोपलो: डोम सगळं आत येऊ देतो, म्हणून बाहेर काय आहे ते महत्त्वाचं. शिवाय नदी दरीत असल्याने दोन्ही बाजूंच्या उतारावर झाडी असते, समोरचा काठ मैलभर उघडा नसतो.

यात अट एकच, पण ती कडक आहे. डोम खळाळाजवळ हवा, डोहाजवळ नको. डोहाशी पाणी गप्प असतं, डास जास्त असतात आणि नदीकाठचा हा सगळा फायदा हातचा जातो. कोकणातला दमटपणा आहेच. एप्रिल-मेमध्ये एसीशिवाय दुपार काढणं अवघड. सकाळी राफ्टिंगच्या गाड्यांची गर्दी होते. आणि पाणी वीजकेंद्राच्या वेळापत्रकाने सुटतं, म्हणजे कोरडा दिसणारा खडक थोड्या वेळाने पाण्याखाली जाऊ शकतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना एकट्याने पात्रात उतरू द्यायचं नाही, पाणी कमी असलं तरी नाही. हा धोका तलावाकाठीही असतो, पण नदीत तो अचानक येतो.

शेकोटीचं एक सांगायला हवं. अशा डोमची रचना लोकप्रिय करणारे अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी कॅनडात माँट्रियलला उभारलेल्या प्रचंड डोमचं आवरण १९७६ मध्ये दुरुस्तीच्या वेळी लागलेल्या आगीत जळून गेलं. पोलादी सांगाडा तेवढा उरला. आपल्याकडचं कापड निराळं असलं तरी ठिणगी ती ठिणगीच. शेकोटी डोमपासून लांब आणि वाऱ्याने ठिणग्या डोमकडे येणार नाहीत अशा अंगाला आहे ना, ते पाहावं.

पावसाळ्यात तिन्हीकडे एकच त्रुटी: डोमला वळचण नसते. घराला पुढे आलेलं छप्पर असतं, त्याखाली चपला राहतात, ओली छत्री राहते, माणूस चहा घेऊन पाऊस बघत बसतो. डोमच्या अंगावरून पाणी थेट उंबऱ्यात येतं. समोर छप्पर घातलेला ओटा असेल तरच जुलै-ऑगस्टमध्ये जावं. थंडीत पहाटे पारदर्शक भागाच्या आतून दव धरतं आणि थेंब खाली ओघळतात. पलंग त्या भागापासून दूर मांडलेला बरा.

पहिल्यांदाच जाताय, सोबत वडीलधारी आहेत, ऑक्टोबर ते जानेवारीतला मधला वार मिळतोय, तर पवना घ्या, देखावा तिथलाच. काजव्यांची किंवा झाडीची ओढ असेल तर रान. पण आठवडाभर काम करून दमलेल्या माणसाला शनिवारची रात्र शांत झोपून काढायची असेल, तर मी नदी म्हणेन. फोन कराल तेव्हा मालकाला एसीच्या आधी एवढं विचारा: रात्री डोममध्ये पडल्यावर पाण्याचा आवाज येतो का? “नदी अगदी समोर दिसते” असं उत्तर आलं, तर प्रश्न पुन्हा विचारा.