डीस्पेस: गोव्यातल्या मराठी प्रबंधांना कितपत सोसतं?

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रबंधांचं मुक्त भांडार उभं करायचं म्हटलं की गोव्यात पहिलं नाव डीस्पेस या सॉफ्टवेअरचंच निघतं. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ, दोन्हीकडच्या भांडारांसाठी तेच वापरलं गेलं आहे. सॉफ्टवेअर २००२ पासूनचं, मोफत, कोड खुला. घ्यावं का? जरूर घ्यावं. पण मराठी मजकुरासाठी ते आहे तसं बसवून भागत नाही, आणि खरी मेहनत सर्व्हरवर नाही, नोंदींवर पडते.

पहिली खोट नोंदणीच्या फॉर्ममध्येच. भाषांच्या यादीत पोर्तुगीज आहे, मराठी नाही! गोव्यात हे जास्तच टोचतं. उपाय सोपा: सबमिशन-फॉर्म्सच्या एक्सएमएल फाइलमध्ये मराठीसाठी 'एमआर' आणि कोकणीसाठी 'केओके' हे कोड घालायचे, टॉमकॅट (डीस्पेस ज्यावर चालतं तो वेब सर्व्हर) बंद करून पुन्हा चालू करायचा. हे राहिलं तर मराठी प्रबंध 'इतर'मध्ये जाऊन पडतात आणि पुढे भाषेवरून वेगळे काढता येत नाहीत.

मोठी अडचण मजकुराची. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ दिसते. तिच्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा: रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. डीस्पेस शोधासाठी तीच खिचडी उचलतं, म्हणून 'धालो' (गोव्यातल्या बायकांचा लोकनृत्याचा उत्सव) शोधलं तरी धालोवरच्या प्रबंधाचं एकही पान हाती लागत नाही. फाइल चढवण्याआधी टेसरॅक्टचा (पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारं, म्हणजे ओसीआर करणारं, सॉफ्टवेअर) मराठी संच घालून ओसीआरमायपीडीएफ चालवा, ते पीडीएफमध्ये ओळखलेला मजकूर भरतं. त्यात 'फोर्स-ओसीआर' हा पर्याय द्यायलाच हवा, नाहीतर पानावर मजकूर आधीच आहे म्हणून ते अडून बसतं. छापील प्रत स्कॅन करायची असेल तर ३०० डीपीआयच्या खाली नको. जोडाक्षरं आणि रफार तिथेच मार खातात. पोर्तुगीज अवतरणं असतील तर तो संचही सोबत द्या.

दुसरा फटका पटकन लक्षातही येत नाही. सध्याच्या आवृत्त्यांत प्रत्येक फाइलमधली पहिली १,००,००० अक्षरंच शोधासाठी घेतली जातात. पानाला दीडएक हजार अक्षरं धरली तर पासष्टएक पानांपुढचं सगळं अंधारात. सेटिंगमध्ये ही मर्यादा उणे १ केली की पूर्ण फाइल वाचली जाते, पण मेमरी फार खाते. त्यापेक्षा शोधगंगेसारखी (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचं भांडार) प्रकरणागणिक वेगळी फाइल करावी. गूगल स्कॉलर ५ एमबीच्या वरची फाइल घेत नाही, तोही प्रश्न बराचसा सुटतो.

मराठीच्या विभक्ती सोल्रला, म्हणजे डीस्पेसच्या शोधयंत्राला, कळत नाहीत. 'शिगमा' टाकल्यावर 'शिगम्यातील' येत नाही. 'शिगम' लिहून पुढे तारा (*) द्यावा लागतो. शोधपेटीखाली एवढी सूचना मराठीत लिहून ठेवली तरी वाचकाचे हेलपाटे वाचतील.

नावांवर मात्र हवा तेवढा वेळ द्या. देसाई इंग्रजीत एका 'एस'ने, पोर्तुगीज वळणाने दोन. केंकरे जुन्या कागदांत 'क्यू'ने सुरू होतं. एकाच संशोधकाच्या तीन नोंदी झाल्या की त्याचं काम तीन माणसांत विभागलं जातं. संशोधकाचा १६ अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची जगभर चालणारी ओळख) पहिल्या दिवशीच घ्या. दिवंगत लेखकांसाठी ग्रंथालयाने एक प्रमाण नाव ठरवून बाकीची रूपं त्याच्याशी जोडावीत. गावांचंही तेच. पणजी, पंजिम आणि नोव्हा गोवा या तिन्ही नावांनी शोधणारा वाचक एकाच नोंदीवर पोचला पाहिजे.

कायमच्या दुव्यासाठी डीस्पेस सुरुवातीला १२३४५६७८९ हा उपसर्ग देतं. तो निव्वळ नमुन्याचा आहे. त्यावरच नोंदी करत राहिलात आणि उद्या वेबसाइटचा पत्ता बदलला, तर प्रबंधांच्या संदर्भसूचीत छापलेले सगळे दुवे मेले. एकही नोंद करण्याआधी हँडलचा (कायमचे दुवे देणारी यंत्रणा) स्वतःचा उपसर्ग घ्या, फायरवॉलमध्ये २६४१ पोर्ट उघडा आणि हँडल सर्व्हर सुरू करा. डीस्पेस सुरू केलं म्हणून तो आपोआप सुरू होत नाही.

बॅकअप घेताना पोस्टग्रेस (नोंदींचा डेटाबेस) आणि असेटस्टोअर (प्रत्यक्ष फाइलींचा फोल्डर) दोन्ही घ्या. असेटस्टोअरमध्ये फाइलींना नुसते आकडे असतात. डेटाबेस गेला तर कुठला प्रबंध कोणाचा ते फाइल उघडूनच ओळखायचं. डाउनलोडचे आकडे सोल्रमध्येच राहतात, त्यांची निर्यात वेगळी करावी लागते. पावसाळ्यात वीज जाते-येते, तेव्हा यूपीएसची बॅटरी मे महिन्यातच तपासून घ्या.