एन९५ की कार्ट्रिजचा (हवा गाळणारे डबे बदलता येणारा) रबरी हाफ मास्क?

वर्कशॉपसाठी कुठला घ्यावा, यावर एक सुपरवायझर अडलेत. 

धूळ दोन्ही अडवतात, फक्त रबरी मास्कला त्यासाठी धुळीचा फिल्टर लावलेला हवा. अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षा संस्थेच्या) नियमात दोघांचा संरक्षण गुणांकही सारखाच, १०; म्हणजे नीट बसला तर आत बाहेरच्या एक दशांशच प्रदूषण. पण थिनरची वाफ एन९५मधून सरळ नाकात जाते. तिथे ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजच (अशी वाफ शोषून घेणारं) लागतं.

एन९५ आज स्वस्त, पण सतत नवा घ्यावा लागतो. रबरी मास्क टिकतो, मात्र तो धुणं, व्हॉल्व्ह तपासणं, कार्ट्रिज वेळेवर बदलणं कुणाच्या तरी गळ्यात पडतं. (सहसा कुणाच्याच नाही.) फिट टेस्ट (मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का, ही चाचणी) दोन्हींना हवी, मास्कच्या कडेखाली दाढीचे खुंट असले तर दोन्ही फुकट.

अधूनमधून कोरडी धूळ असेल तर एन९५. रोज थिनर हाताळायचा असेल तर रबरी. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असलेल्या टाकीत उतरायचंय? मग यातला एकही नको, हे हवा फक्त गाळतात, ऑक्सिजन देत नाहीत.