‘डाली’ चाचणीसंच: इंग्रजी कच्चं आहे की डिस्लेक्सिया? (परीक्षण)

घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि तिसरीत येऊनही मूल इंग्रजी वाचताना अडखळतंय. शाळा सांगते, ‘घरी इंग्रजी बोला.’ पालकांना वाटतं, टंगळमंगळ करतोय. अशा मुलाचं इंग्रजीच कच्चं आहे की त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली मुळातली अडचण आहे, हे पाहायला ‘डाली’ हा चाचणीसंच वापरण्याजोगा आहे, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे तो एकाच भाषेवर विसंबत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात तयार झालेला हा संच २०१५ मध्ये आला. सुरुवातीला तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत निघाला.

त्याचे दोन भाग आहेत. पहिला शिक्षकांनी भरायची चाळणी प्रश्नावली. पहिली-दुसरीसाठी वेगळी, तिसरी ते पाचवीसाठी वेगळी. दुसरा भाग मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षकांनी घ्यायच्या चाचण्यांचा: शब्दवाचन, निरर्थक शब्दांचं वाचन, श्रुतलेखन, यमक ओळखणं वगैरे. निरर्थक शब्द ही यातली सगळ्यात बोलकी चाचणी. मूल ‘टेबल’ पाठांतराने वाचू शकतं, पण ‘नेबल’सारखा अर्थ नसलेला शब्द अक्षर-ध्वनी जोडल्याशिवाय वाचताच येत नाही.

खरी मेख निकाल वाचताना आहे. डिस्लेक्सिया असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, पण सारखा दिसत नाही. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी जुळतात, त्यामुळे असं मूल मराठी उतारा बरोबर वाचेलही, पण फार हळू, बोट ठेवून, जोडाक्षराशी थांबत. म्हणून मराठीत चुका मोजून भागत नाही, घड्याळ लावावंच लागतं. इंग्रजीत तेच मूल चुकाही करतं आणि वेळही घेतं. उलट मराठी वयानुसार झरझर वाचणारं, सांगितलेलं नीट लिहिणारं मूल फक्त इंग्रजीत मागे असेल, तर आधी शिकवणं तपासावं. अट एवढीच की त्याला मराठी वाचायला नीट शिकवलेलं हवं. नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

चुकांचा प्रकारही पाहावा. ‘बॅड’ आणि ‘बेड’ सारखंच म्हणणं, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ची गल्लत, इंग्रजी नामाआधीचं ‘द’ गाळणं हा मराठीचा प्रभाव. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ ही बोली. ऱ्हस्व-दीर्घ तर मोठ्यांचंही चुकतं, त्यावरून काही ठरवू नये. पण ‘क्रमांक’चं एका ओळीत ‘कमांक’, पुढच्या ओळीत ‘क्रकांम’, किंवा सराव होऊनही तिसरी-चौथीत ‘बी’-‘डी’ उलटसुलट, असं दिसलं तर पुढची तपासणी टाळू नये.

उणिवा आहेत. पाचवीनंतर हा संच उपयोगी नाही. आपल्याकडे मात्र पालक जागे होतात ते आठवी-नववीत, दहावीच्या सवलतींचा विषय निघाल्यावर. दुसरी अडचण प्रश्नावलीची: इंग्रजीच्या बाईंनी मुलाचं मराठी वाचन कधी ऐकलेलंच नसतं, आणि फॉर्म अंदाजाने भरला जातो. त्यापेक्षा दोन्ही भाषांच्या शिक्षकांकडून वेगवेगळा भरून घ्यावा. आणि चाळणीत अडकलं म्हणजे निदान झालं, असा अर्थ लावणारे महाभाग शाळेत असतातच. त्यांच्यापासून मुलाला जपावं.

चाचणीआधी डोळे आणि कान तपासून घ्या. ही पायरी सर्रास गाळली जाते. बुद्धिमापनही मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत व्हायला हवं. शाब्दिक प्रश्न इंग्रजीतून विचारले की गुण घसरतात आणि हुशार मुलावर ‘मंदगती’चा शिक्का बसतो.

‘डाली’च्या अहवालावर सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही. डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो ती अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, पण प्रमाणपत्रासाठी शासनमान्य रुग्णालयातच जावं लागतं. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ते वयाच्या आठव्या वर्षापासून देण्याची, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणीची तरतूद होती. रुग्णालयात जाताना ‘डाली’च्या अहवालासोबत दोन्ही भाषांच्या वर्गपाठाच्या वह्या न्याव्यात, घरी सुवाच्य उतरवून काढलेल्या नकोत.